व्हेनिसला उतरायचे कुठे?

इटलीच्या प्रवासासंबंधी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रोम आणि फ्लॉरेन्स यांविषयी विचारणारे वाचक त्यातल्या त्यात निश्चिंत असतात. व्हेनिसचा मुक्काम मात्र बहुतेकांना कोड्यात टाकतो. खोल्यांचे भाव डोळे पांढरे करणारे, शहर पाण्यात वसलेले आणि जो तो वेगवेगळा सल्ला देणारा, त्यामुळे नेमके कोणत्या भागात राहावे हे घरबसल्या ठरवणे कठीण जाते. म्हणून या अंकात व्हेनिसविषयीचीच चार पत्रे एकत्र घेतली आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे ढोबळमानाने शंभर रुपये असे धरले आहे. प्रत्यक्षात तो थोडा महागच पडतो.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही साठी ओलांडलेले आहोत. मे महिन्यात मुलीकडे म्युनिकला जाणार असून तेथून रेल्वेने व्हेनिसला येऊन तीन रात्री राहण्याचा विचार आहे. पत्नीला गुडघ्यांचा त्रास असल्याने पायऱ्या चढणे-उतरणे जड जाते. मुलीचे म्हणणे असे की मेस्त्रेला राहा, निम्म्या पैशांत काम होईल. आमचे एक स्नेही मात्र सांगतात की मेस्त्रेत राहणे म्हणजे व्हेनिसला न जाण्यासारखेच आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली कन्या पैशांच्या बाबतीत बरोबर आहे आणि आपले स्नेही संध्याकाळच्या बाबतीत. तिसरी गोष्ट, म्हणजे गुडघे, दोघांच्याही हिशेबात आलेली दिसत नाही आणि आपल्या बाबतीत निर्णय तिच्यावरच व्हायला हवा.

व्हेनिसचे जुने शहर शंभराहून अधिक लहान लहान बेटांवर उभे आहे आणि ती बेटे चारशेहून अधिक पुलांनी जोडलेली आहेत. बोटी खालून जाव्यात म्हणून हे पूल कमानदार बांधलेले असतात आणि त्यांतील बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. मोटार, रिक्षा, सायकल यांपैकी काहीही या शहरात चालत नाही. त्यामुळे नकाशावर ‘स्टेशनपासून आठशे मीटर’ असे दिसणारे हॉटेल प्रत्यक्षात पाच पुलांपलीकडे असू शकते आणि पाच पूल म्हणजे सामान उचलून पाच वेळा पायऱ्या चढणे आणि तितक्याच वेळा उतरणे. या शहरात अंतर मीटरने मोजण्याऐवजी पुलांनी मोजावे, आणि खोली निवडताना भाड्याइतकेच लक्ष स्टेशनपासून दारापर्यंतच्या वाटेकडे द्यावे.

मेस्त्रे हा मुख्य भूमीवरचा भाग असून १९२६ पासून तो व्हेनिसच्याच महापालिकेत मोडतो. खाडीवरून जाणारा रेल्वेपूल १८४६ मधला आणि त्याला लागून असलेला रस्ता १९३३ मधला. मेस्त्रे स्टेशनवरून दर काही मिनिटांनी सुटणारी गाडी दहा-बारा मिनिटांत सांता लूचिया स्थानकात, म्हणजे थेट शहराच्या मुख्य कालव्याच्या, ग्रँड कॅनॉलच्या काठावर आणून सोडते आणि तिकीट दीड युरोच्या आसपास असते. मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्याने ठाण्यात उतरावे, तसाच हा प्रकार आहे, फक्त प्रवास त्याहून बराच लहान. समजा, मेस्त्रेत चांगली खोली नव्वद युरोंना आणि जुन्या शहरात तशीच खोली दीडशे युरोंना मिळाली, तर तीन रात्रींत एकशेऐंशी युरो वाचतात. दोघांच्या रोजच्या जाण्या-येण्याचे तीन दिवसांचे अठरा युरो वजा केले तरी एकशेसाठ युरोंच्या वर, म्हणजे सोळा हजार रुपये हाती राहतात. ही रक्कम क्षुल्लक नाही.

आता तिची दुसरी बाजू. दुपारी बारा ते चारच्या दरम्यान गुडघे दुखू लागले, तर जुन्या शहरात राहणारा माणूस खोलीवर जाऊन तासभर पाय पसरू शकतो आणि साडेपाचला पुन्हा बाहेर पडू शकतो. मेस्त्रेत राहणाऱ्याला हे तत्त्वतः शक्य असले, तरी स्टेशन गाठणे, फलाट शोधणे, पुन्हा परतणे या कटकटीने तो एकदा गेला की सहसा गेलाच. दिवसभराची सहल करणारे लोक निघून गेल्यावर सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर हे शहर खरोखर पाहण्यासारखे असते, आणि नेमक्या त्याच वेळा मेस्त्रेकर पाहुण्याच्या हातून निसटतात.

म्हणून आपल्यासाठी माझी पहिली पसंती कान्नारेजो विभागातल्या एका अगदी छोट्या पट्ट्याला आहे. सांता लूचिया स्थानकाच्या पायऱ्या उतरल्यावर डावीकडे वळले की ‘लिस्ता दि स्पान्या’ नावाचा रुंद रस्ता लागतो. तो सान जेरेमिया चौकातून पुढे ‘पोंते देल्ले गूल्ये’ या पुलापर्यंत जातो. स्टेशनपासून या पुलापर्यंतच्या वाटेवर एकही पूल ओलांडावा लागत नाही. चाकांची बॅग ओढत माणूस पाच-सात मिनिटांत दारात पोहोचतो. या पट्ट्यात मध्यम दर्जाची लहान हॉटेले दाटीवाटीने आहेत आणि शहराच्या मध्यवर्ती सान मार्को भागाच्या मानाने त्यांचे भाव बरेच सुसह्य असतात. सौंदर्याच्या दृष्टीने हा भाग यथातथाच आहे. काचेचे मणी आणि मुखवटे विकणारी दुकाने, चित्रांचे मेनू लावलेली उपाहारगृहे असा सगळा बाजार तेथे मांडलेला आहे, आणि जेवायला तेथे शक्यतो बसू नये. गूल्ये पूल ओलांडून पाच मिनिटे पुढे गेले की रिओ तेरा सान लेओनार्दोवरचा भाजीपाल्याचा बाजार आणि त्यापलीकडे जुना ज्यू गेट्टो लागतो. १५१६ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने ज्यूंना या एका वस्तीत कोंडले होते. आज तो या शहरातला सर्वांत शांत भागांपैकी एक आहे आणि त्याच्या उत्तरेकडच्या कालव्यांच्या काठी स्थानिक लोक खातात-पितात. जेवण तिकडे करावे.

खोली ठरवण्यापूर्वी हॉटेलला दोन प्रश्न लिहून विचारावेत : इमारतीत लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का? जुन्या इमारतींत कित्येकदा पहिला जिना चढून गेल्यावर लिफ्ट सुरू होते आणि जाहिरातीत मात्र ‘लिफ्ट उपलब्ध’ एवढेच लिहिलेले असते. ग्रँड कॅनॉलच्या पलीकडच्या तीरावरचे हॉटेल ‘स्टेशनसमोर’ म्हणून दाखवले जात असेल, तर मधला स्काल्झी पूल चांगलाच उंच आहे हे लक्षात घ्यावे.

फिरण्यासाठी व्हापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक लाँच वापरावी. तिचे सुटे तिकीट साडेनऊ युरोंचे असून ते ७५ मिनिटे चालते. तीन दिवसांचा पास ४५ युरोंचा आहे. धडधाकट माणसाला मी हा पास घेण्याची घाई करू नका असेच सांगतो, कारण शहर लहान आहे आणि पायी अधिक चांगले कळते. आपण मात्र तो दोघांसाठीही जरूर घ्यावा. स्टेशनच्या धक्क्यावरून १ क्रमांकाची लाँच ग्रँड कॅनॉलच्या दोन्ही काठांना थांबत थांबत सान मार्कोला जाते आणि एकही पायरी न चढता अर्धे शहर डोळ्यांखालून जाते.

हा पास घ्यायचाच असेल, तर लीडोचा पर्यायही तपासून पाहावा. लीडो हे समुद्र आणि खाडी यांच्यामधले लांबट बेट सपाट आहे, त्यावर मोटारी आणि बसगाड्या चालतात, आणि सान मार्कोजवळच्या सान झाक्कारिया धक्क्यापासून ते लाँचने पंधरा मिनिटांच्या आत येते. मे महिन्यात तेथे जुन्या शहराच्या मानाने स्वस्त आणि प्रशस्त खोली मिळू शकते. ऑगस्टअखेरीस चित्रपट महोत्सव सुरू झाला की मात्र तिकडे फिरकू नये. आपला निर्णय लिस्ता दि स्पान्या की लीडो एवढ्यावर आला, तर सामान जड असल्यास पहिला आणि गुडघे अधिक नाजूक असल्यास दुसरा, असे मी म्हणेन.

प्रश्न : आम्ही चौघांचे कुटुंब आहोत, मुले आठ आणि बारा वर्षांची आहेत. मेस्त्रे स्टेशनजवळ, व्हिया पियाव्हे या रस्त्यालगत स्वयंपाकघर असलेले एक घर चार रात्रींसाठी आरक्षित केले आहे. व्हिसासाठी त्याची पावतीही जोडली आहे. आता काही ओळखीचे लोक सांगतात की तो भाग चांगला नाही, रात्री फिरू नये. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. आरक्षण रद्द करावे का? याशिवाय व्हेनिसमध्ये शिरण्यासाठी पैसे द्यावे लागतात असे ऐकले, ते खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रद्द करू नये. व्हिया पियाव्हे आणि मेस्त्रे स्टेशनचा परिसर यांविषयी स्थानिक वर्तमानपत्रांत अमली पदार्थांची विक्री, भांडणे अशा बातम्या येत असतात आणि तेथील रहिवासीही त्याबद्दल तक्रारी करतात, हे खरे आहे. परंतु मुलांना घेऊन संध्याकाळी नऊ-दहाला स्टेशनवरून घरी चालत जाणाऱ्या कुटुंबाला त्यातून होणारा त्रास हा बहुधा अस्वस्थ वाटण्यापुरताच असतो. कोपऱ्यावर उभी असलेली टोळकी दिसतील. त्यांच्याशी आपला संबंध येत नाही. पासपोर्ट आणि पाकिटे सांभाळावीत, आणि ते तर सान मार्कोच्या गर्दीत किंवा भरलेल्या लाँचमध्ये अधिकच सांभाळावे लागते.

उलट शाकाहारी कुटुंबासाठी या रस्त्याचा एक मोठा फायदा आपल्याला कोणी सांगितलेला दिसत नाही. मार्गेरा येथील फिन्कान्तिएरीच्या जहाजबांधणी कारखान्यातल्या कामामुळे मेस्त्रेत बांगलादेशी लोकांची मोठी वस्ती झाली आहे, आणि व्हिया पियाव्हेच्या आजूबाजूला त्यांची किराणा दुकाने आहेत. मसूर आणि मूगडाळ, तांदूळ, हळद, मोहरी, हिरवी मिरची, आले, कोथिंबीर हे सगळे तेथे मिळते. पोरांनी दोन दिवस पिझ्झा खाल्ल्यावर तिसऱ्या दिवशी वरणभाताची आठवण काढली, तर ती सोय पायाखालीच आहे. जुन्या व्हेनिसमध्ये हेच सामान शोधायला निघालात, तर अर्धी संध्याकाळ जाईल. जाता जाता एक सूचना : पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील घटक वापरून विरजले जाते. कडक शाकाहार पाळत असाल, तर पास्त्यावर ते घालू नका असे आधीच सांगावे लागेल.

पुढे कधी जाणाऱ्यांसाठी मेस्त्रेतील भागांबद्दल थोडे सांगणे योग्य होईल. स्टेशनच्या भुयारी मार्गाने विरुद्ध बाजूला, म्हणजे मार्गेराकडे बाहेर पडले की लगेच काही हॉटेले लागतात. त्यापलीकडची वस्ती गेल्या शतकात कारखान्यांतील लोकांसाठी झाडे आणि बागा राखून आखलेली असून ती अधिक शांत आहे. अधिक देखणी जागा हवी असेल, तर मेस्त्रेचे जुने केंद्र, पियात्सा फेर्रेत्तो पाहावे. तो चौक फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, कॅफे आहेत, संध्याकाळी आजोबा-नातवंडे तेथे दिसतात. स्टेशनपासून तो पायी वीसेक मिनिटांवर असला, तरी त्या भागातून टी-१ ही ट्राम सरळ खाडीपूल ओलांडून पियात्साले रोमाला, म्हणजे व्हेनिसच्या वाहनतळाच्या चौकात जाते. ट्राम आणि बसचे तिकीट दीड युरोचे आहे. रात्री गाड्या विरळ झाल्यावर पियात्साले रोमाहून मेस्त्रेकडे रात्रीच्या बसही असतात, त्यामुळे अडकून पडण्याची भीती नाही. रेल्वेचे कागदी तिकीट घेतल्यास गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यावा. तिकीट असूनही शिक्का नसल्यामुळे दंड भरणारे आपलेच लोक असतात.

प्रवेशशुल्काविषयी आपण ऐकले ते खरे आहे. २०२४ पासून व्हेनिसच्या महापालिकेने फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांवर हे शुल्क बसवले आहे. ते वर्षभर नसते. एप्रिल ते जुलैमधले ठरावीक दिवस, मुख्यतः शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्या, महापालिका आधी जाहीर करते आणि त्या दिवशीही सकाळी साडेआठ ते दुपारी चार एवढाच वेळ ते लागू असते. काही दिवस आधी भरल्यास माणशी पाच युरो, आयत्या वेळी भरल्यास दहा. चौदा वर्षांखालील मुलांना ते नाही. आपल्याला आणि आपल्या पत्नीलाही ते लागू नाही, कारण मेस्त्रे हे व्हेनिसच्याच महापालिकेत येते आणि महापालिकेच्या हद्दीत रात्री राहणाऱ्यांना माफी आहे. तथापि ही माफी आपोआप मिळत नाही. महापालिकेच्या संकेतस्थळावर मुक्कामाचा तपशील भरून क्यूआर कोड घ्यावा लागतो आणि तपासणीत तो दाखवावा लागतो. हे काम घरूनच उरकून घ्यावे.

मुक्कामाचा कर हा याहून वेगळा. तो राहण्याच्या जागेच्या दर्जानुसार माणशी, दर रात्री आणि जास्तीत जास्त पाच रात्रींपर्यंत घेतला जातो. आपल्या धाकट्याला, दहा वर्षांखालील असल्याने, तो नाही आणि थोरल्याला निम्मा आहे. आरक्षणाच्या वेळी दाखवलेल्या रकमेत तो बऱ्याचदा धरलेला नसतो आणि घरमालक तो रोखीने मागतात, त्यामुळे चार रात्रींचे सुटे युरो बाजूला ठेवावेत.

प्रश्न : मी मूळची पुण्याची असून सध्या जर्मनीत शिकते. वय चोवीस. पैसे अगदी मोजके आहेत. पादोव्हाला राहून रोज व्हेनिसला ये-जा करावी असे मैत्रिणी सुचवतात. हे शहाणपणाचे ठरेल का?
— एक वाचक, हल्ली मुक्काम जर्मनी

उत्तर : केवळ व्हेनिसच पाहायचे असेल, तर नाही. पादोव्हाहून जलद लोकल गाडी अर्ध्या तासाच्या आत व्हेनिसला पोहोचवते हे खरे असले, तरी दर फेरीचे भाडे मेस्त्रेच्या तिप्पट होते, संथ गाडी मिळाली तर वेळ जवळजवळ दुप्पट होतो, आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीकडे डोळे लावून बसावे लागते. शिवाय पादोव्हा हे वेगळ्या महापालिकेत असल्याने वर सांगितलेले प्रवेशशुल्क, तू ते लागू असलेल्या दिवशी गेलीस तर, तुला द्यावे लागेल. खोलीत वाचवलेले पैसे असे सुट्या सुट्या हप्त्यांनी निघून जातात आणि शेवटी हाती फारसे उरत नाही.

पादोव्हा पाहायचे असेल, तर मात्र तेथे जरूर राहावे. जोत्तोने रंगवलेले स्क्रोवेन्यी प्रार्थनागृह तेथे आहे. १२२२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठात गॅलिलिओने अठरा वर्षे शिकवले, आणि ते विद्यार्थ्यांचे गाव असल्यामुळे खाणेपिणे व्हेनिसपेक्षा सरळसरळ स्वस्त आहे. दोन रात्री पादोव्हात आणि एक व्हेनिसमध्ये, अशी विभागणी तुझ्या वयाला परवडण्यासारखी आहे, कारण पाठीवर एक पिशवी टाकली की तुला पुलांचे काही वाटणार नाही.

व्हेनिसची रात्र वसतिगृहात काढावी. मेस्त्रे स्टेशनला लागून गेल्या काही वर्षांत मोठमोठी नवी वसतिगृहे उभी राहिली आहेत आणि आडदिवशी तेथली खाट फार स्वस्त मिळते. पण स्टेशनच्या भिंतीला लागून झोपण्यासाठी व्हेनिसला यायचे का, हा प्रश्न उरतोच. जुदेक्का बेटावर त्सितेल्ले धक्क्याजवळ जुने वसतिगृह आहे. तेथून समोर पाण्यापलीकडे सान मार्कोचा सगळा देखावा दिसतो. खाटेमागे चार पैसे अधिक गेले तरी माझे मत तिकडेच पडेल. एक अडचण अशी की जुदेक्काला पूल नाही, येण्याजाण्यासाठी लाँचच हवी. सहा ते एकोणतीस वयाच्या प्रवाशांसाठी ‘रोलिंग व्हेनिस’ हे कार्ड सहा युरोंना मिळते आणि ते दाखवल्यास तीन दिवसांचा पास सत्तावीस युरोंना पडतो. एकूण तेहतीस, म्हणजे नाशिकच्या वाचकांना पडणाऱ्या किमतीपेक्षा बारा युरो कमी. कार्ड दाखवल्याशिवाय हा पास ग्राह्य धरत नाहीत, ते खिशातच ठेवावे.

प्रश्न : मी पणजीत राहणारी चित्रकार आहे. बिएन्नाले कलाप्रदर्शन सावकाश पाहण्यासाठी दहा दिवस व्हेनिसमध्येच राहावे असे मनात आहे. मेस्त्रे किंवा लीडो नको, जुने शहरच हवे. मध्यम खर्चात ते शक्य आहे का आणि भाग कोणता निवडावा?
— एक वाचक, पणजी

उत्तर : शक्य आहे, आणि आपल्यासाठी भाग जवळजवळ ठरलेलाच आहे : जुन्या शहरातल्या कास्तेल्लो या विभागाचे पूर्वेकडील टोक.

प्रदर्शनाची दोन मुख्य ठिकाणे, म्हणजे जार्दीनी हे उद्यान आणि आर्सेनाले ही प्रजासत्ताकाच्या काळातली जहाजांची गोदी, दोन्ही कास्तेल्लोतच आहेत. त्या दोहोंच्या मध्ये व्हिया गारिबाल्दी हा रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनच्या राजवटीत कालवा बुजवून तो तयार केला गेला, म्हणून व्हेनिसच्या मानाने तो चमत्कारिक वाटावा इतका रुंद आहे. तेथे सकाळी भाजीवाले बसतात, टोकाला एका बोटीवर भाजीचे दुकान असते, दुपारी शाळेतून आलेली मुले चेंडू खेळतात आणि वर दोरीवर कपडे वाळत असतात. जुन्या शहराची लोकसंख्या पन्नास हजारांच्या खाली गेली आहे; जे काही रहिवासी उरले आहेत, ते दिसावेत अशा मोजक्या जागांपैकी ही एक. त्याही पलीकडे, अगदी शेवटी सांतेलेना लागते. झाडांची बाग, फुटबॉलचे मैदान आणि गेल्या शतकातल्या साध्या इमारती एवढाच तेथला पसारा आहे. रूपाने ते व्हेनिस वाटत नाही. पण त्यामुळेच तेथे घर जरा मोठे आणि भाडे जरा कमी असते. स्टेशनवरून सांतेलेनाला पायी जाणे म्हणजे संपूर्ण शहर ओलांडणे. पहिल्या दिवशी सामानासह लाँचनेच जावे.

दहा दिवसांसाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले छोटे घर सरस. दोन वेळचे बाहेर जेवून दहा दिवसांत जितका खर्च होईल, त्यात घराच्या भाड्याचा बराच भाग निघतो. घर निवडताना तळमजला शक्यतो टाळावा. शहराला भरतीच्या पुरापासून वाचवणारी ‘मोझे’ नावाची दारे ऑक्टोबर २०२० पासून वापरात आली आहेत आणि मोठे पूर आता शहरात शिरत नाहीत. तरी खाऱ्या पाण्याची ओल भिंतींतून जायला तयार नसते आणि कागद, रंग घेऊन बसणाऱ्या माणसाला ती विशेष जाणवेल. आपण गोव्याच्या असल्याने पावसाळ्यातल्या भिंतींचा वास वेगळा सांगायला नको.

१ जानेवारी २०२५ पासून इटलीत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला एक राष्ट्रीय नोंदणी क्रमांक असणे आणि तो जाहिरातीत छापणे बंधनकारक झाले आहे. त्याचे लघुरूप ‘चिन’ असे उच्चारतात. तो क्रमांक दिसत नसेल, तर भाव कितीही मोहक असला तरी पुढे जावे. मालक पासपोर्टचा तपशील मागेल तेव्हा बिचकू नये; पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणे त्याला कायद्यानेच भाग आहे.

दिवस निवडण्याचे स्वातंत्र्य असेल, तर मे महिन्यातला उद्घाटनाचा आठवडा सोडून द्यावा. त्या वेळी जगभरचे दालनवाले, संग्राहक आणि पत्रकार एकदम उतरतात आणि कास्तेल्लोत कोठीघरालाही भाव येतो. प्रदर्शन नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत चालते. ऑक्टोबरअखेर ते प्रदर्शन संपेपर्यंतच्या काळात भाडी उतरतात, रांगा आखडतात आणि धुके पडू लागते. सोमवारी दोन्ही मुख्य ठिकाणे सहसा बंद असतात, येण्या-जाण्याचे दिवस त्या बेताने ठेवावेत. लाँचच्या पासाची गरज आपल्याला कदाचित पडणारच नाही; प्रदर्शन घरापासून चालत आहे. मुरानो, बुरानो ही बेटे पाहायची असतील, तर ती लागोपाठच्या दोन दिवसांत बसवून तेवढ्यापुरता पस्तीस युरोंचा दोन दिवसांचा पास घ्यावा.

शेवटी पत्त्याबद्दल, कारण पहिल्या रात्री त्यातच घोळ होतो. व्हेनिसमध्ये घरांचे क्रमांक रस्त्यानुसार नसून संपूर्ण विभागाला सलग दिलेले आहेत आणि कास्तेल्लोतले क्रमांक सहा हजारांच्या पुढे जातात. पत्त्यावर नुसते ‘कास्तेल्लो’ आणि एक चार आकडी संख्या असेल, तर शेजारच्या गल्लीतल्या माणसालाही तो सांगता येईलच असे नाही, आणि अरुंद गल्ल्यांत फोनवरचा नकाशाही भरकटतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मालकाकडून तीन गोष्टी लिहून मागवाव्यात : सर्वांत जवळच्या धक्क्याचे नाव, त्या धक्क्यापासून दारापर्यंत किती पूल लागतात, आणि ज्या गल्लीत दार उघडते तिचे भिंतीवर लिहिलेले नाव. उत्तर देताना मालक पुलांच्या संख्येबाबत टाळाटाळ करू लागला, तर दुसरे घर पाहावे.